परतणारा आणि न परतणारा

सास्तूरच्या शाळेत रामलिंग गुरुजी नववीच्या पोरांना दरवर्षी एकच प्रश्न घालत: दोन प्रवास-कादंबऱ्यांतला थोर नायक कोणता? एक जण नदीचा उगम शोधायला गेला आणि नऊ वर्षांनी आईच्या दारात परत आला. दुसरा बर्फाची खिंड ओलांडून पलीकडच्या मेंढपाळांत राहिला, त्यानं मागं वळून बघितलंच नाही. पोरांनी काहीही लिहावं, मार्क मात्र परतणाऱ्यालाच. तिथं कुणाचं शहाणपण चालायचं नाही.

भूकंपानंतर तो प्रश्न त्यांनी पुन्हा कधी घातला नाही.

आता नात हर्षाली समोर बसली होती. परवा ती नर्सच्या नोकरीसाठी जर्मनीला निघणार होती. आठवडाभरात तिनं दोन्ही पुस्तकं वाचून काढली होती.

"आजोबा, मला पहिलाच आवडला. दुसरा लई दगडाच्या काळजाचा. मी पण दर गणपतीला येणार बघा. तुम्ही नुसतं बोलवा."

 असंच एकदा गुरुजींनी गणपतीला बोलावलं होतं. धाकटा भाऊ सिदू पुण्याच्या कारखान्यात होता, सुट्टी नाही म्हणत होता. गुरुजींनी कार्ड टाकलं: 'पुस्तकातला माणूस नदीच्या उगमावरून घरी येतो, तुला पुण्याहून येववत नाही? का तू त्या दुसऱ्यातला?' टोमणा बरोबर लागला. सिदू आला, विसर्जनात मनसोक्त नाचला आणि त्याच पहाटे घर त्याच्या अंगावर बसलं. कार्ड त्याच्या खिशात निघालं. गुरुजींनी ते कुणाला दाखवलं नाही. भूकंप काही त्यांनी आणला नव्हता, पण हे कळून काळजाला काय उपयोग!

"थोर दुसराच," ते म्हणाले.

"काय सांगता! तुम्ही तर मार्क कापायचा म्हणं. बाबा सांगतात."

"चुकलं माझं. जिथं पोट भरतं तिथं राहावं माणसानं. मी बोलवणार न्हाय. दुसऱ्या कुणी बोलावलं तरी धावत यायचं न्हाय."

"गणपतीला बी?"

"न्हाय."

हर्षालीचे डोळे भरून आले. आजोबांना आपण नकोसे झालो, एवढंच तिला कळलं. तिला जवळ घ्यावं, सगळं सांगून टाकावं, असं गुरुजींना फार वाटलं. पण सांगितलं असतं, तर त्यांच्या मायेपोटी पोरगी दरवर्षी हट्टानं आली असती. ते उठून तोंड धुवायला गेले.

निघायच्या दिवशी ती पाया पडली. घरातून निघताना कुणी म्हणू नये ते म्हणाली, "जाते."

गुरुजी म्हणाले, "जा."