हामन बंगल्यातली बाई

राघू चौदा वर्षं हामन बंगल्याचा राखणदार होता, आणि या चौदा वर्षांत त्यानं तिथं एकही रात्र काढली नव्हती. ही गोष्ट दोघांनाच ठाऊक होती. एक राघू स्वतः आणि दुसरा कुंडलिक, ज्याच्या विहिरीवरच्या मोटरच्या खोलीत तो रोज झोपायला जायचा. निदान राघूची तशी समजूत होती.

बंगला आळेफाट्याच्या अलीकडे, नाशिक रस्त्यापासून थोडा आत, एका टेकाडावर होता. हॅमंड नावाच्या कुणा इंग्रज इंजिनियरानं तो बांधला आणि गावानं त्याचा हामनसाहेब केला. साहेबाची मडम इथंच तापानं गेली, मागच्या चिंचेखाली तिचं थडगं आहे आणि ती अजून वरच्या मजल्यावर फिरते, असं आसपासच्या पाच गावांत सगळे सांगत. आताचे मालक पुण्याला राहत. वर्षातून एकदा यायचे, जेवायचे आणि उजेड आहे तोवर परत निघायचे.

राघू एक्याण्णव साली कामाला लागला तेव्हा नुसत्या पावलांच्या गोष्टी होत्या. पुढच्या वर्षी गिरणीवाल्या संपतनं रात्री रस्त्यावरून जाताना वरच्या खिडकीत दिवा पाहिला. मग ट्रकवाल्यांनी पाहिला, शाळेतल्या मास्तरांनी पाहिला. रोज नाही, पण महिन्यातून तीन-चारदा खिडकीत पिवळा उजेड असायचा. राघूची तिथं झोपायची छाती पहिल्यापासूनच नव्हती. दिवा दिसायला लागल्यावर तर त्यानं तो विचारच सोडला. तिन्हीसांजेला काठी, घोंगडं आणि फडक्यात बांधलेली भाकरी घेऊन तो घरून निघे, बंगल्याला कुलूप घाली, किल्ली कुंडीखाली ठेवी आणि टेकाडाला वळसा घालून कुंडलिकच्या मळ्यात उतरे. पहाटे पाचला परत येऊन व्हरांडा झाडायला लागे.

अडचण एवढीच होती की मडमेविषयी सगळे त्यालाच विचारत. आळेफाट्याला हॉटेलात बसला की कुणी ना कुणी चहा सांगायचं आणि खुर्ची जवळ ओढायचं. राघू तसा खोटारडा नव्हता, पण रात्री मी तिथं नसतोच, असं म्हणणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं. पहिल्यांदा तो नुसती मान हलवायचा. लोकांचं मान हलवण्यावर भागेना. मग दोन-तीन वर्षांत मडमेला सोनेरी केस आले, ती ताडासारखी उंच झाली, तिचा पांढरा झगा फरशीवर लोळायला लागला. पुढं पुढं तर ती राघूला नावानिशी ओळखायला लागली.

दोन हजार पाचच्या जानेवारीत मालकांचा किराणा दुकानावर फोन आला. त्यांच्या ओळखीतला सुदर्शन नावाचा मुलगा शनिवारी येणार होता. कंपनीत कॉम्प्युटरचं काम करायचा आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या घरांतून भुतं शोधत हिंडायचा. बरोबर धाकटी बहीण श्रेया होती. दोघं रात्रभर बंगल्यात थांबणार होते. राघूला सगळं माहीत आहे, तो रात्रभर तुमच्याबरोबर राहील, असं मालकांनी त्यांना सांगूनही टाकलं होतं.

शनिवारी सकाळी राघूला थंडी वाजायला लागली. बायकोनं, बानूबाईनं, कपाळाला हात लावून पाहिला. अंग गार होतं. तिनं त्याला काही विचारलं नाही. फक्त म्हणाली, "पावणं येत्यात, त्यास्नी जेवाय लागंल. मी बी येते संगं."

राघूला इतकं बरं वाटलं की थंडी तिथल्या तिथं पळाली.

पाहुणे दिवस मावळायच्या आत मारुती गाडीतून आले. सुदर्शनकडे अंधारात दिसणारा कॅमेरा होता, टेपरेकॉर्डर होता आणि भूत जवळ आलं की काटा हलतो असं एक यंत्र होतं. श्रेयाकडे एक टॉर्च आणि विणायला घेतलेला स्वेटर होता. सुदर्शननं वही उघडून राघूला समोर बसवलं आणि मॅडम साधारण किती वाजता येतात, असं अदबीनं विचारलं.

राघूनं बराच विचार केला. "बारानंतर," तो म्हणाला. "पण शनवारी शक्यतो न्हाई येत."

सुदर्शननं ते लिहून घेतलं. श्रेयानं विणता विणता वर पाहिलं आणि मॅडमना वार कसा कळतो, एवढंच विचारलं. राघू पाणी आणायच्या निमित्तानं उठला.

बानूबाईनं व्हरांड्यात तीन दगड मांडून पिठलं केलं, भाकऱ्या थापल्या, मिरचीचा ठेचा वाटला. जेवणं झाली. सुदर्शननं टेपरेकॉर्डर वरच्या खोलीत ठेवला, कॅमेरा खालच्या दिवाणखान्यात लावला आणि चौघं सतरंजीवर बसली. दहाला लाइट गेली. ती रोजच जायची, तरी राघू बायकोच्या जवळ सरकला.

अकराच्या सुमाराला वर काहीतरी आपटलं. थोड्या वेळानं परत आपटलं. यंत्राचा काटा हलला. अर्थात तो संध्याकाळपासूनच हलत होता. सुदर्शन उठला, कॅमेरा आणि श्रेयाचा टॉर्च घेऊन जिन्याकडे गेला आणि पहिल्या पायरीशी थांबला. काका, तुम्ही पुढं व्हा, तुम्हाला वाट माहीत आहे, असं तो राघूला म्हणाला. आवाज जरा चिरकला होता.

राघूला नाही म्हणता येईना. दिवसाउजेडीसुद्धा तो त्या जिन्यानं वर्षातून एकदाच, मालक यायच्या आदल्या दिवशी जायचा, तेही कठडा धरून पळत पळत. आता काठी पुढं धरून तो चढायला लागला. मागून बानूबाईचा आवाज आला, बाजारातून भाजी आणायला सांगावी इतका साधा. "सातवी पायरी सोडा. मोडकी हाय ती."

तोवर राघूनं सातव्या पायरीवर पाय ठेवला होता. लाकूड करकरलं आणि त्याचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत खाली गेला. तो तसाच अडकून बसला. सुदर्शनच्या हातातून टॉर्च सुटला, गडगडत खाली गेला आणि विझला.

काळोखात बानूबाई सगळ्यांना ओलांडून वर गेली. तिचा हात कठड्याला लागला नाही, पाऊल कुठं अडखळलं नाही. वरून तिचा आवाज आला, की खिडकीच्या झडपेची दोरी तुटलीय, वाऱ्यानं ती आपटतेय, घाबरू नका. मग कपाटावर हात फिरवल्याचा आवाज, काडी ओढल्याचा आवाज. जिन्याच्या तोंडाशी पिवळा उजेड आला. तिच्या हातात कंदील होता.

"ह्यो कंदील कुठनं आला?" अडकलेल्या राघूनं विचारलं.

"कपाटावर असतोय," बानूबाई म्हणाली.

श्रेयानं आणि सुदर्शननं मिळून राघूचा पाय बाहेर काढला. नडगी खरचटली होती, बाकी काही झालं नव्हतं. सगळे वरच्या खोलीत येऊन बसले. बानूबाईनं कंदील सवयीनं खिडकीत ठेवला. तेवढ्यात खालच्या रस्त्यावरून जाणारी एक मोटरसायकल मंद झाली, क्षणभर थांबली आणि एकदम जोरात निघून गेली. राघूनं त्या आवाजाकडे कान दिला, मग कंदिलाकडे पाहिलं, मग बायकोकडे. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

मावशी, तुम्ही इथं आधीही राहिलाय का, असं श्रेयानंच विचारलं. बानूबाईनं नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि पदर नीट करून सांगायला सुरुवात केली.

राघू कामाला लागला त्याच हिवाळ्यात एकदा तो घोंगडं घरी विसरला. थंडी फार होती, म्हणून ती रात्री घोंगडं घेऊन आली. बंगल्याला कुलूप, राघू कुठं नाही. काहीतरी झालं या भीतीनं ती शोधत शोधत मळ्यात गेली, तर मोटरच्या खोलीतून त्याचं घोरणं ऐकू आलं. दारातून बघून ती परत फिरली. माणूस भितोय हे तिला कळलं. ते त्याला बोलून दाखवावं असं तिला वाटलं नाही. पण त्याच आठवड्यात शेजारच्या वाडीतल्या एका बंद घराची सागवानी दारं चोरांनी रातोरात काढून नेली. इथली दारं गेली तर राघूची नोकरी जाणार. मग तिनं ठरवलं की आठवड्यातून एखादी रात्र आपण जायचं आणि वर दिवा लावून बसायचं, म्हणजे आत माणूस जागा आहे असं लांबून वाटेल. कुंडीखालची किल्ली ती घ्यायची आणि पहाटे राघू यायच्या आत परत ठेवायची. सासूला ती सांगायची, की मी बंगल्यावर जाते. नवऱ्याकडे जाणाऱ्या सुनेला सासू काय म्हणणार.

तुम्हाला भीती नाही वाटली का, असं सुदर्शननं विचारलं. ती हसली. तिचं लहानपण मेंढरांमागं गेलं होतं. रात्री उघड्या रानात, कुत्र्यांच्या सोबतीनं झोपायची सवय. लग्न झालं आणि दोन खोल्यांत सहा माणसं, त्यात तिला झोपच यायची नाही. इथं वारा होता. कुणी हाक मारत नव्हतं. दारांसाठी म्हणून यायला लागली खरी, पण पुढं तिला इथं यावंसंच वाटायचं.

राघू इतका वेळ नडगी चोळत होता. "मंजी तुझा दिवा बघून मी भ्यायचो," तो हळूच म्हणाला.

"आन् तुमी भीत व्हता म्हून मी दिवा लावायची."

"मला सांगितलं का न्हाईस?"

"तुमी मला सांगितलं व्हतं का?"

राघूला मग दुसरंच काहीतरी आठवलं. हॉटेलात, पारावर, लग्नाच्या मांडवात, कधी कधी तिच्यासमोरसुद्धा त्यानं मडमेचं वर्णन केलं होतं. तेही तिला आठवत असेल का, असं त्यानं चाचरत विचारलं.

"गोरीपान, ताडावानी उंच, सोन्यावानी क्यास," बानूबाई म्हणाली. ती उंचीनं राघूच्या खांद्याला लागत होती. "मी चुलीम्होरं बसून ऐकायची. लई बरं वाटायचं."

श्रेयाला हसू आवरेना. तिनं तोंडावर स्वेटर धरला. सुदर्शन मात्र खरोखर हिरमुसला होता. चौदा घरं फिरून त्याला कुठं काही मिळालं नव्हतं आणि या बंगल्यावर त्याची फार भिस्त होती. त्यानं वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं, मग वही मिटली. बानूबाईला त्याची दया आली. तिनं खाली जाऊन उरलेलं पिठलं गरम केलं आणि मध्यरात्री त्याला पुन्हा जेवायला घातलं. दोन भाकऱ्या खाल्ल्यावर त्याचा चेहरा जरा उजळला.

सकाळी पाहुणे निघाले तेव्हा सुदर्शन काय सांगेल याची राघूला धास्ती होती. त्यानं हात जोडून विनंती केली, की मालकांना यातलं काही कळू देऊ नका. सुदर्शन म्हणाला की खोटं तो सांगणार नाही, आपल्याला भूत दिसलं नाही एवढंच सांगेल. पण श्रेयानं त्यात स्वतःची भर घातली. "आम्ही सांगू की बंगल्याची राखण फार चांगली होते," ती बानूबाईकडे बघत म्हणाली. "ते तर खरंच आहे."

रविवारी संध्याकाळी राघू नेहमीसारखा काठी घेऊन निघाला. दारापर्यंत गेला, घुटमळला, परत आत आला. बानूबाई भांडी घासत होती. त्यानं तिचं पांघरूण स्वतःच घडी करून खांद्यावर टाकलं आणि उभा राहिला. ती हात धुवून उठली. सासूला सांगितलं, आणि दोघं बरोबर टेकाड चढली.

वरच्या खोलीत तिनं त्याला खिडकीतून सगळं दाखवलं. नाशिककडे चाललेल्या ट्रकांची रांग, आळेफाट्याचा उजेड, आणि लांब खोडदकडच्या दुर्बिणींच्या मोठ्या तबकड्या, ज्या चांदणं असलं तरच दिसायच्या. कोणता ट्रक भरलेला आणि कोणता रिकामा, हे ती नुसत्या आवाजावरून सांगायची. बाप मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा त्या वाटेच्या गोष्टी तिनं सांगितल्या. लग्नाला अठरा वर्षं झाली होती आणि राघू हे पहिल्यांदाच ऐकत होता. चिंचेवर घुबड बोललं की तो तिचा हात धरायचा. ती न थांबता पुढं सांगत राहायची.

सांगता सांगताच ती झोपली. राघू जागा राहिला. आधी भीतीनं, मग नुसताच. दोन वाजता त्यानं कंदिलाची वात कमी केली. तीनला तो सातवी पायरी चुकवत खाली उतरला, दारं-खिडक्या ओढून पाहिल्या आणि काठी आपटत बंगल्याला एक फेरी मारली. चिंचेपाशी पावलं जरा भरभर पडली, पण फेरी पुरी झाली.

उजाडल्यावर त्यानं दगडांच्या चुलीवर चहा ठेवला. चहा त्यानं आयुष्यात कधी केला नव्हता. साखर फार पडली, पत्ती कमी. दोन कप घेऊन तो वर गेला, तर ऊन खिडकीतून आत येऊन बानूबाईच्या पायांपर्यंत पोचलं होतं आणि ती अजून गाढ झोपली होती. इतक्या उशिरापर्यंत झोपलेली त्यानं तिला कधी पाहिली नव्हती. तिला उठवावं की नाही हे त्याला ठरवता येईना, म्हणून तो कप हातात धरून तिच्या उशाशी बसून राहिला.