चीजपुढे हरलेलं पोलाद

मी एक जुना पोलादी तुकडा आहे. हल्ली दार मिटू नये म्हणून अडवून धरतो. मित्रांनो, माझे सख्खे भाऊ पाणबुडीत आहेत. लाज वाटते, म्हणून हळू सांगतो.

भट्टीत माझ्यात निकेल आणि क्रोमियम मिसळलं. क्रोमियम म्हटल्यावर मी चमचमेन, असं लोकांना वाटतं. पण मी गंजतो. जाड पोलाद आतपर्यंत कणखर व्हावं, म्हणून क्रोमियम घातलेलं असतं. भाऊ पाणबुडीच्या कवचात गेले. मला अमेरिकेतल्या कनेटिकटच्या गोदीत, झाडू मारता मारता वेल्डिंग शिकलेल्या कॉलीन पेलेटियेच्या परीक्षेला बसवलं. पास झाली तर पाणबुडीवर वेल्डिंग, नापास झाली तर पुन्हा झाडू.

आम्हाला वेल्डिंगआधी तापवावं लागतं, नाहीतर तडे जातात. आणि तापलेलं पोलाद दिसलं की त्यावर जेवण गरम करायचं, ही गोदीची जुनी रीत. कॉलीन हातमोजे आणायला वळली, तेवढ्यात तिचे मास्तर अँब्रोज सिल्विया यांनी चांदीच्या कागदातलं मीटबॉल सँडविच माझ्यावर ठेवलं. कागद फाटका होता. चीज वितळून, जिथे वेल्ड भरायचं त्या माझ्या खाचेतून, खाली टेकू म्हणून लावलेल्या पट्टीआड मुरलं. मास्तरांनी वरचं बाहीने पुसलं आणि शीळ घालत निघून गेले. मला बोलता येत नाही. शिवाय वास छान होता.

कॉलीनने मन लावून वेल्ड केलं. क्ष-किरणांत पाहिलं, तर वेल्डमध्ये जळालेल्या चीजच्या वाफेचे बुडबुडेच बुडबुडे!

"अगं, एवढी जाळी तर माझ्या पॅनकेकलाही पडत नाही," तपासनीस बाई म्हणाल्या.

"बाई, मी नीट साफ केलं होतं हो!"

"सगळे असंच म्हणतात. उचल झाडू."

कॉलीनने खरंच झाडू उचलला. मास्तर छताकडे बघत होते. बाईंनी माझी पट्टी उचकटली, तर टोकाला एक कडक, करपलेला तंतू.

"हे पोलाद नाही. हे मोझरेला आहे."

"मास्तर!" कॉलीन ओरडली. "माझ्या परीक्षेवर जेवलात तुम्ही?"

"भूक लागली होती गं," मास्तर बुटांकडे बघत पुटपुटले. मग बाईंना म्हणाले, "चूक माझी आहे. पोरीला दुसरा तुकडा द्या."

दुसऱ्या तुकड्यावर ती पास झाली. तिने जोडलेलं कवच आज समुद्राखाली आहे. मास्तर तेव्हापासून सँडविच थंडच खातात.

मित्रांनो, दुसऱ्याच्या कामावर आपलं जेवण ठेवू नका. अख्ख्या समुद्राचा दाब सोसायला घडवलेला मी, एका सँडविचखाली हरलो. आता नवी पोरं परीक्षेला जाताना मी दार उघडं धरतो. हवा दमट असली की खाचेतून अजून तो वास येतो.

आणि सांगायला लाज वाटते, पण अजूनही छानच येतो.