मंगळसूत्रावरची भुकटी

जालन्याच्या त्या प्रयोगशाळेत जनावरं गाभडवणाऱ्या आणि माणसालाही महिनोन्महिने ताप आणणाऱ्या जंतूंची तपासणी होई. आत जाताना मंगळसूत्र काढायचा नियम होता, पण वंदनाला ते अभद्र वाटे. ती ते गाऊनखाली दडवी.

जंतू हातांवरून कुठे कुठे पोचतात ते दाखवायला प्रशिक्षणात अरुंधती मॅडमनी वंदनाच्या हातमोज्यांना निळ्या उजेडात चमकणारी भुकटी चोळली, रोजच्यासारखं काम करायला लावलं आणि अंधार करून निळा दिवा धरला. भुकटी लागली तिथे चमकू लागलं.

"वंदनाताई, मंगळसूत्रावर तर दिवाळी दिसून राह्यली!" सोबतचा कल्याण हसला.

बाहेर आलेलं मंगळसूत्र आत सारायला हात कधी गेला, तिला कळलंच नव्हतं.

घरी मांडीवरची भार्गवी हिरड्या शिवशिवल्या की त्याच वाट्या चघळायची. तीन आठवडे तिला रोज संध्याकाळी ताप भरत होता.

"मॅडम," वंदना म्हणाली, "आज एक नमुना जास्तीचा लावायचाय. माझ्या लेकीचा."