खांदशेकणीचे आवतन

दर्यापूरच्या काळ्या रानात खुशालरावांइतका कापूस त्या साली फार थोड्यांच्या घरी होता. तरीही नत्थुजी माळ्यापाशी अशी एक वस्तू होती, जी विकत घेऊनही खुशालरावांच्या हाती आली नव्हती.

ती वस्तू म्हणजे चांद्या. कपाळी चंद्रकोर असलेला हा बैल नत्थुजीने मळ्यातल्या भाजीपाल्यावर वासरापासून वाढवला होता. गावाने त्याची वाखाणणी करावी आणि खुशालरावांनी ती ऐकून घ्यावी, हे दोन वर्षे चालले. अखेर मागेल ती किंमत मोजून त्यांनी तो आपल्या दावणीला आणला. बैल आला, वाखाणणी मात्र मळ्यातच राहिली. लोक अजूनही म्हणत, "नत्थुजीचा चांद्या खुशालरावाच्या घरी हाये." आणि गाडी मळ्याच्या कुंपणाजवळ आली, की तो कृतघ्न पशू मान वळवून हंबरे!

सातासमुद्रापलीकडे कुठेशी लढाई जुंपली होती आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले होते. ज्याची गाडी अकोल्यास आधी पोचे, त्याला भाव चढा मिळे. म्हणून एका गाडीत दोन गाड्यांचा माल भरायचा आणि बैल हाकण्याच्या काठीच्या, म्हणजे तुतारीच्या, टोकाला खिळा ठोकायचा, असा रिवाजच पडून गेला. वाटेच्या कडेला पडलेले बैल मोजून गाडीवान अंतर सांगत. श्रावणात उघडीप मिळाली तशी खुशालरावांनीही भर चिखलातून गाडी हाकली. चांद्याने ती ओढून नेली. परतला तेव्हा जूखालची कातडी सोलून निघाली होती आणि खांद्याला मुठीएवढी सूज होती.

पोळ्याला आठ दिवस उरले असता नत्थुजी न बोलावता गोठ्यात आला.

"भाऊ, याचा खांदा आला हाये. दिवाळीपावतर जू ठेवू नोका. पोळ्यातई नेऊ नोका. त्या गर्दीत धक्का लागन."

"तुमाले त्याचा लय कळवळा आला, नत्थुजी! का पोळ्याचा मान माया दारी आलेला पाहावत नाई?"

त्या वर्षी महादेवराव पाटलांनी तोरणाखालून पहिले जाण्याचा मान गावातल्या सर्वांत देखण्या जोडीला देऊ केला होता. मत्सराचा एक दोष असा, की तो दुसऱ्याच्या डोळ्यांतही स्वतःचेच तोंड पाहतो. नत्थुजीची दया हा मान हिरावण्याचा डाव आहे, याविषयी खुशालरावांना तिळमात्र शंका राहिली नाही. त्यांनी अमरावतीहून लाल मखमलीची झूल मागवली. झुलीखाली खांदा कोणाला दिसणार?

पोळ्याच्या आदल्या सांजेला खांदशेकणी आली. वर्षभर राबलेल्या खांद्याला धन्याने स्वतःच्या हाताने कोमट तूप-हळद लावायची आणि बैलाला जेवणाचे आवतन द्यायचे, ही रीत. जोडीदार बैल निमूट उभा राहिला. चांद्यापुढे मात्र खुशालरावांनी तूप-हळदीत बुडवलेले पळसाचे पान धरलेला हात उचलला आणि त्याचे अंग थरथरले. दावे ताणून तुटेल इतका तो मागे सरला. त्याच हातात श्रावणभर तुतारी होती, हे बैल विसरला नव्हता. खुशालरावांनी चिडून झूल घातली. मखमल खांद्याला टेकताच तो भलामोठा बैल गुडघ्यांवर आला.

दारातून गोदाबाई, त्यांची कारभारीण, म्हणाली, "पाव्हन्याची पाठ सोलून आवतन देता, तं तो जेवाले येईन कसा?"

"कोनाच्याई हातानं असाच करीन तो!"

"बलावून पाहा ना मंग नत्थुजीले."

टोमणा वर्मी लागला. नत्थुजीलाही बैलाने असेच झिडकारावे आणि ते आपण डोळ्यांनी पाहावे, एवढ्या एकाच इच्छेने खुशालराव मळ्यात गेले व त्याला घेऊन आले.

नत्थुजीने आधी झूल काढली. तूप बाजूला ठेवून रिकामा तळवा पुढे केला. चांद्याने तो हुंगला, आणि कपाळ म्हाताऱ्याच्या छातीला टेकवले. मग नत्थुजीने जखम टाळून भोवताली तूप लावले. बैलाने मान खाली घातली. खुशालरावांच्या काळजात जे लागले, तसे कापसाचा भाव पडूनही लागले नसते.

"आता आवतन तुमी द्या, भाऊ. घर तुमचं हाये."

"आज आवतन घ्या," खुशालराव चांद्यापुढे हात जोडून म्हणाले, "उद्या जेवाले या."

दुसऱ्या दिवशी पोळ्याचा मान गावातल्याच किसनरावांच्या जोडीला गेला. वाजंत्री गोठ्यापर्यंत ऐकू येत होती. खुशालराव चांद्यापुढे पुरणपोळी धरून बसले होते. त्याने ती घेतली. पण टोपलीतून, हातातून नव्हे.

नत्थुजी रोज उजाडता निंबाचा पाला उकळून आणी आणि जखम धुई. चौथ्या दिवशी तो आला तेव्हा खांदा धुतलेला होता, वर करंजाचे तेल लावलेले होते.

"कोनं केलं?"

"म्या केलं. उद्यापासून तुमी येऊ नोका."

"आन् यानं करू देल्लं?"

खुशालरावांच्या मनगटावर शिंगाचा ताजा ओरखडा होता; त्यावर त्यांनी अंगरख्याची बाही हळूच ओढून घेतली.