वरची पाव टाकी

बारकी आता चाळिशीला आली होती, अंगानेही चांगली भरली होती, तरी साबणाच्या कारखान्यात सगळे तिला बारकीच म्हणत. नाव थोरल्या भावाने पाडलेलं, आणि तो इथलाच फिटर; मग ते कसलं सुटतंय!

त्या दुपारी ती आडव्या टाकीच्या माथ्यावरच्या लोखंडी फळीवर उभी होती. टाकीत कॉस्टिकचं पाणी, अंगावर पडलं तर कातडी सोलून काढणारं. खाली, टाकीभोवतीच्या सिमेंटच्या खड्ड्यात, दादा पाठीवर पडून गळका सांधा आवळत होता. माल भरताना खड्ड्यात कोणी उतरायचं नाही असा नियम होता. पण दादाला घाई, आणि दादापुढे बोलायची कोणाची टाप?

जागेचा हिशेब बारकीनेच केला होता. मोजपट्टी टाकली तर टाकी पाऊण उंचीपर्यंत भरलेली. उरली पाव. वीस हजार लिटरची पाव म्हणजे पाच हजार, आणि माल घेऊन आलेल्या टँकरमध्ये साडेचार. तिने खुशाल "सोड" म्हणून सांगितलं. ड्रायव्हर पंप चालू करून कागदावर शिक्का घ्यायला ऑफिसात गेला.

माल किती वर आला ते दाखवणारी काचेची नळी टाकीला बाहेरून होती. वेळ जावा म्हणून बारकी वाकून तिच्यावर बोटाबोटाच्या अंतराने खडूच्या रेघा ओढत बसली. पहिल्या रेघेपर्यंत माल आरामात चढला. दुसरीपर्यंत जरा लवकर. तिसरी तर तिची ओढून होते न होते तोच पार झाली. पंपाचा आवाज होता तसाच, एका सुरात. मग माल धावायला का लागला?

कलिंगडाची कडेची फोड लहान निघते, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? मधल्या फोडी दादा पळवायचा आणि कडेची तिच्या हातावर टेकवायचा. ही टाकीसुद्धा आडव्या पिंपासारखी गोलच. मध्ये ऐसपैस, वर निमुळती. त्या वरच्या पाव उंचीत पाच हजार कसले, चारही धड मावणार नव्हते. उरलेलं जादा मालाच्या पाइपातून बाहेर येणार, आणि त्या पाइपाचं तोंड खड्ड्यात, दादाच्या डोक्यावर.

"दादा! बाहेर ये!"

पंपाच्या घरघरीत तिचं ओरडणं तिलाच ऐकू येईना. तिने डोक्यावरचं हेल्मेट काढून भिरकावलं. ते दादाच्या नडगीवर आदळलं.

चेष्टा पुरे, म्हणून दादाने खालूनच हात झटकला. पाय तिथेच.

खड्ड्यात उतरावं की टँकरकडे पळावं? तिने टँकर धरला. शिडीवरून ती उतरली की पडली, तिचं तिला कळलं नाही. टँकरचा पंप बंद करायचा दांडा घट्ट बसलेला. तिने सगळं वजन टाकलं; आयुष्यात पहिल्यांदाच ते तिला कमी वाटलं. दांडा कर्रकन फिरला आणि पंप थांबला. त्याच क्षणी मागे पाइप गुडगुडला आणि सिमेंटवर काहीतरी भसकन ओतलं गेलं.

तिला मान वळवता येईना. इतकी भीती तिला वडील गेले तेव्हाही वाटली नव्हती.

"हेल्मेट काय मारतेस गं? नडगी फोडलीस माझी!"

दादा खड्ड्याच्या काठावर लंगडत उभा होता, हातात तिचं हेल्मेट. भांडायला म्हणून वर आला होता. मागे, जिथे त्याचं डोकं होतं, तिथे ओल पसरत होती. त्याने वळून पाहिलं.

"जागा मोजली होतीस ना?"

"मोजली होती रे. पाव उंची म्हणजे पाव माल नव्हे, दादा. वर टाकी अरुंद होते."

दादा टाकीच्या गोल बाजूकडे पाहत राहिला. मग जमिनीवरच बसला.

"सोमवारी खड्ड्यात तू होतीस," तो म्हणाला. "जागा मी मोजली होती. अशीच."

"मग?"

"टँकर अर्धाच भरून आला होता, बारके. म्हणून वाचलीस."