कोरी बाटली

तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पात साक्षीदाराच्या सहीला दोन गुण होते आणि त्या दोन गुणांपायी तिने दादाला सही करायला लावली. पर्यावरणशास्त्राची पदवी घ्यायला निघालेली, वर्गात पहिला-दुसरा नंबर न सोडणारी मुलगी, पण त्या पहाटे अक्कल घरी ठेवून पाण्याचे नमुने घ्यायला नाल्यावर गेली होती म्हणायचं. दुसरं कुणी मिळालं नसतं असं नाही. पेपर टाकणारा सायकलवरून गेला, त्याला थांबवता आलं असतं. पण दादा शेजारीच उभा होता आणि तक्त्यातला एकही रकाना रिकामा ठेवायचा नाही असं कॉलेजातल्या मॅडमनी वर्षभर कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. दादाने झोकात सही ठोकली आणि म्हणाला, आता मलाही साहेब म्हणत जा.

नाला बॅटरीच्या कारखान्यामागचा होता. दादा तिथे तीन वर्षं जुन्या बॅटऱ्या फोडत होता. बॅटरी फुटली की आतलं आम्लाचं पाणी शिसं घेऊन बाहेर येतं, आणि ते पाणी दर शनिवारी उजाडायच्या आत नाल्यात सोडून देतात, हे त्यानेच तिला जेवताना सहज सांगितलं होतं. म्हणजे वेळ सांगणारा तोच आणि सही करणारा तोच. नमुन्यांतल्या शिशाचे आकडे बघून मॅडमना घाम फुटला. त्यांनी अहवाल सरकारी कचेरीत पाठवला, नियमाप्रमाणे, सह्यांच्या तक्त्यासकट. कचेरीतून तो कारखान्यात पोहोचायला आठवडासुद्धा लागला नाही.

रविवारी दुपारी चौघं घरी आले. पुढे कारखान्याचा मुकादम, मागे लोखंडी पाइप घेतलेले तीन दांडगे. दादा नुसत्या बनियनवर नखं कापत बसला होता. काय हो, सुट्टीच्या दिवशी, एवढंच तो बोलला असेल. पहिला पाइप त्याच्या तोंडावर बसला. आई आतून धावत आली तर एकाने तिला ढकलून स्वयंपाकघरात कोंडलं आणि बाहेरून कडी लावली. पुढचं सगळं आईने दाराआडून ऐकलं, दारावर डोकं आपटत.

त्यांना घाई नव्हती, हे सगळ्यात वाईट होतं. गोणी झोडपावी तसे ते त्याला झोडपत होते, आळीपाळीने, मध्ये थांबून दम खात. गुडघ्यावर मारला, तेव्हा तो खाली बसला. बरगड्यांवर मारला, तेव्हा आडवा झाला. दोन दात फरशीवरून घरंगळत तिच्या पायाशी आले. ती मुकादमाच्या दंडाला चावली, तर त्याने तिला केसांना धरून कपाटावर आदळलं. कानात शिट्टी वाजायला लागली. लिहून देते, ती म्हणाली, पाणी चांगलं आहे म्हणून लिहून देते, सही करते, पण त्याला सोडा.

मुकादम म्हणाला, कागदाला आता कोण विचारतो. मॅडमचा कागद पुढे गेला होता. त्याला कागदावर कडी करेल असं काहीतरी हवं होतं, आणि ते काय हे ठरवूनच तो आला होता. कॉलेजचा फ्रीज भरल्यामुळे नमुन्यांचा दुसरा संच घरी आणलाय, ही बातमीही त्याच्याकडे होती. त्याने फ्रीज उघडून चार बाटल्या काढल्या आणि टेबलावर ओळीने मांडल्या. चारही बाटल्यांतलं पाणी स्वच्छ, आरपार दिसणारं. शिसं डोळ्यांना दिसत असतं तर ती शिकायला गेलीच नसती. एकाने मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं.

"साक्षीदारानं यातली एक पिऊन दाखवायची," मुकादम म्हणाला. "अख्खी. आणि द्यायची तू, तुझ्या हातानं. तूच भरलंस ना पाणी?"

बाटल्यांवर नुसते आकडे होते. सात, आठ, नऊ, दहा. कोणता आकडा कुठल्या जागेचा हे तिच्या वहीत होतं आणि तिच्या डोक्यात. सात, आठ आणि दहा नाल्यातल्या. नऊ कोरी. कोरी म्हणजे शुद्ध केलेलं पाणी भरून न्यायची, नाल्यावर नेऊन उघडायची, पुन्हा बंद करायची. आपल्या हातातून किंवा बाटलीतून घाण मिसळली नाही ना, हे तपासायला प्रत्येक फेरीला अशी एक बाटली लागते. ही गोष्ट वर्गातल्या पोरांना ठाऊक होती. मुकादमाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. दादालाही नव्हतं, त्याने काही न विचारता सही ठोकली होती.

पटकन नऊ उचलली तर संशय येईल म्हणून तिने आधी आठवर हात ठेवला. मग तिने नऊ घेतली आणि दादापाशी गुडघ्यांवर बसली. मोबाइल दोघांच्या तोंडापाशी आला. पाइप दादाच्या डोक्यावर टेकलेला होता. तिने डोळ्यांनी सांगायचा प्रयत्न केला, घे, हे घे, काही नाही यात. दादाला नुसतं तिचं रडणं दिसलं.

त्या पाण्यात काय असतं हे कारखान्यात त्याच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. त्याच्या हाताची कातडी तीन वर्षं त्याच पाण्याने सोलून निघत होती. त्याने बाटलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, बराच वेळ. मग तोंड उघडलं. तिने बाटली कलती केली. रक्त आणि पाणी हनुवटीवरून ओघळत राहिलं, तो गिळत राहिला, आणि सबंध वेळ त्याची नजर तिच्यावरून हलली नाही. चव कळायला त्याच्या तोंडात रक्ताशिवाय काही उरलंच नव्हतं.

मुकादम खूश झाला. बघा, ठणठणीत आहे, असं मोबाइलकडे तोंड करून म्हणाला. उरलेल्या तीन बाटल्या त्याने मोरीत ओतल्या. शूटिंग बंद झाल्यावर त्याने सही कुठल्या हाताने केली होती ते विचारलं. दादाने उत्तर दिलं नाही, तेव्हा त्याने दोन्ही हात उंबऱ्यावर ठेवायला लावले. एकाने मनगटं दाबून धरली. उजव्या हाताची तीन बोटं पहिल्या फटक्यात गेली, डाव्याची किती ते तिने पाहिलं नाही. मग ते गेले. जाताना एकाने तिची चप्पल पायात अडकली म्हणून लाथेने बाजूला उडवली.

तिने आधी दादाचं डोकं मांडीवर घेतलं. आईची कडी काढायचंही सुचलं नाही. तिला सगळ्यात आधी हे सांगायचं होतं.

"दादा, ती कोरी होती. शुद्ध पाणी होतं ते. तुझ्या पोटात काही गेलेलं नाही. देवाशपथ."

तो छताकडे बघत होता. तिला वाटलं ऐकूच आलं नसावं, म्हणून तिने पुन्हा सांगितलं, आकड्यासकट, सगळं समजावून, परीक्षेत उत्तर लिहावं तसं.

"कळलं," तो म्हणाला. ओठ फाटल्यामुळे शब्द नीट येत नव्हते. "मला वाटलं, तू बाटली आपटशील."

आपटली असती तर त्यांनी तुझं डोकं फोडलं असतं, ती म्हणाली. हे खरं होतं आणि त्यालाही ते खरं आहे हे कळत होतं. त्याने मान हलवली. तिच्यावर तो रागावलेला दिसत नव्हता. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

मग तिने कडी काढली. आई बाहेर आली, पोराकडे बघून मटकन खाली बसली, आणि मग उठून शेजाऱ्यांना हाका मारायला लागली. कुणीतरी गाडी आणायला पळालं. दादा पाणी मागत होता. तिने माठातलं पाणी फुलपात्रात ओतलं, त्याच्या मानेखाली हात घातला आणि फुलपात्र ओठांना लावलं.

त्याने तोंड उघडलं नाही. ती म्हणाली, पी ना, माठातलं आहे. त्याने मान भिंतीकडे वळवली आणि डोळे मिटले.

"आई," तो म्हणाला, "तू दे."