जाळीखालचं बोधीचं रोप

मित्रांनो, मी एक जुनी हिरवी जाळी आहे. जाम गावच्या चौकापासून थोडं पुढे कवडूभाऊंची रोपवाटिका आहे. तिथे आठ उन्हाळे मी बांबूंवर ताणलेली होते.

माझं काम ऊन अडवायचं. पण जाळीखाली रोपं नुसती झोपा काढतात असं समजू नका हं! उजेड कमी, म्हणजे अन्नही कमी. मग रोप आपली पानं रुंद आणि पातळ करतं, त्यांत हिरवा रंग जास्त भरतं आणि मिळेल तेवढा उजेड टिपून घेतं. उन्हातलं रोप पानं लहान आणि जाड ठेवतं. म्हणून सावलीतलं रोप एकदम उन्हात नेलं, तर पातळ पानांना तो उजेड झेपत नाही. त्यांची अन्न शिजवायची चूलच बिघडते.

कवडूभाऊंच्या पत्नी कमलाबाईंना हे न शिकता ठाऊक होतं. रोपं विकण्याआधी पंधरा दिवस त्या मला रोज सकाळी थोडा वेळ बाजूला सारत आणि दिवसागणिक तो वेळ वाढवत. रोपांना नवी, जाड पानं फुटत. "ऊन दाखवल्याबिगर लेकरू बाहेर धाडू नाई," असं त्या म्हणत. मी फाटले की सुईदोऱ्याने शिवत. तेवढी माया मला पुन्हा मिळाली नाही.

गेल्या वैशाखात कमलाबाई वारल्या. त्यांच्या हातचं बोधीचं, म्हणजे पिंपळाचं, एकच रोप मागे राहिलं. भाऊंनी ते आतल्या कोपऱ्यात ठेवलं आणि तिथे मला दुहेरी केलं. कुणाला हात लावू देत नसत. पानं तळहाताएवढी, गर्द हिरवी झाली. भाऊ बघून हरखायचे. मी मात्र धास्तावले होते. अति तिथे माती, पण जाळीचं कोण ऐकतं?

यंदा कमलाबाईंच्या पहिल्या स्मृतिदिनी ते रोप वडनेरच्या विहारापुढे लावायचं ठरलं. मुलगी मेघा म्हणाली, "बाबा, पाऊस येऊ द्या ना. एवढ्या उन्हात काऊन लावता?"

"तुह्या मायचा दिवस आज हाय, पोरी. मी रोज पाणी घालीन."

पाणी त्यांनी खरंच घातलं. तरी दोन दिवसांत पानं पांढुरकी पडली, चौथ्या दिवशी करपली. तेव्हा भाऊ धावत आले, मला सोडवून घेऊन गेले आणि रोपावर बांधलं. फार उशीर झाला होता, मित्रांनो.

दहा दिवसांनी भाऊंनी नखाने खोड खरवडलं. आत हिरवं काहीच नव्हतं. ते खालीच बसले. "मेघा, म्या जपलं म्हणूनच मेलं वं हे. तुह्या मायनं असं केलं नसतं." मेघाने नुसता त्यांचा हात धरला.

मित्रांनो, रोपाला सावली जरूर द्या, पण उन्हाची सवयही हळूहळू लावा. एवढीच माझी विनवणी.

मी अजून त्या वाळक्या काडीवर आहे. कवडूभाऊ रोज सकाळी येतात आणि तिला पाणी घालतात.